मुलांना सुट्टी लागली, आईला कधी?

प्रश्न : मी पूर्णवेळ घर सांभाळते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. शाळेला सुट्टी लागली की घरात सगळे खूश आणि माझी चिडचिड सुरू. दिवसभर पसारा, भांडणं, 'आई, भूक लागली', 'आई, कंटाळा आला', नाहीतर टीव्ही. मग आठवडाभर कुठेतरी फिरून येतो, तर परतल्यावर मी जाण्याआधीपेक्षा जास्त दमलेली असते. नवरा म्हणतो, तू तर घरीच असतेस, दमायला काय होतं? यंदा सुट्टीचं नियोजन कसं करू?

उत्तर :

नवऱ्याच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर घरात सगळ्यांना पटल्याशिवाय सुट्टीचं कुठलंही नियोजन टिकत नाही. कुटुंबांच्या समुपदेशनाचं काम करताना मी सुंदर रंगवलेली वेळापत्रकं भरपूर पाहिली आहेत. फ्रिजवर लागतात, मुलं दोन दिवस उत्साहानं पाळतात आणि तिसऱ्या दिवसापासून ते वेळापत्रक राबवण्याचं कामही आईच्याच अंगावर येतं.

शाळा चालू असते तेव्हा तुमच्या दिवसात काही तासांचा एक सलग पट्टा असतो. त्यात काम भरपूर असतं, पण ते एका ओळीत होतं. सुट्टीत तो पट्टाच जातो. कामं मात्र वाढतात. मधल्या वेळची खाणी वाढतात, भांडी वाढतात, पसारा तर विचारायलाच नको. आणि प्रत्येक काम मध्येच तोडावं लागतं. कपडे वाळत घालता घालता भांडण सोडवायला जायचं, तिथून येताना सांडलेलं पाणी पुसायचं, परत आल्यावर बादलीत अर्धे कपडे तसेच. संध्याकाळी 'आज काय केलं' असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं एकही काम पूर्ण झालेलं नसतं, आणि अंग मात्र मोडून आलेलं असतं. याशिवाय न दिसणारं काम असतं ते लक्षात ठेवण्याचं. कुणाची चप्पल घट्ट झाली, सुट्टीतला गृहपाठ कुठवर आला, कुठलं औषध संपत आलं, बाहेरगावच्या गाडीचं तिकीट कधी काढायचं.

हे एकट्या तुमच्या घरात चाललेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ च्या अहवालात जगभरातला हिशेब मांडला. घरकाम आणि माणसांची देखभाल या बिनपगारी कामाला स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं देतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. अशा एकूण बिनपगारी कामापैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा स्त्रियांचा. या सरासरीत नोकरी करणाऱ्या बायकाही आहेत. लहान मुलं असलेल्या, पूर्णवेळ घरी राहणाऱ्या आईचे तास याहून कितीतरी जास्त भरतात.

आता विश्रांतीकडे वळू. सबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये, कामाचा थकवा माणसाच्या अंगातून उतरतो कशानं, याची चार कारणं मांडली. कामापासून मन सुटणं, शरीर-मन सैल पडणं, कामाबाहेरचं काही शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ कसा घालवायचा हे आपल्या हातात असणं. नोकरी करणारा माणूस ऑफिसचं दार ओलांडून घरी येतो तेव्हा यातली एक-दोन कारणं आपोआप जुळून येतात. घर सांभाळणाऱ्या बाईची कामाची जागा आणि राहायची जागा एकच. ती झोपते तीही कामाच्या जागीच. सहलीला गेली तर काम तिच्याबरोबर गाडीत बसून येतं. म्हणून मुलांना सुट्टी लागली की आईलाही लागली, असं होत नाही. तिची सुट्टी वेगळी ठरवावी लागते, आणि मुलांच्या कार्यक्रमांच्या आधी ठरवावी लागते. नंतर उरलेल्या वेळात ती बसवायची म्हटलं तर वेळ उरतच नाही.

तेव्हा वही घेऊन बसाल तेव्हा पहिल्या पानावर मुलांना काय शिकवायचं, कुठे न्यायचं हे लिहू नका. या सुट्टीत कोणती कामं मी करणार नाही आणि कोणती दुसऱ्याकडे जाणार, हे लिहा.

बंद करण्यासारखी कामं वाटतात त्याहून जास्त निघतात. घरातल्या कपड्यांना इस्त्री नको. रोज सगळ्या खोल्या आवरायला नकोत. मोठ्यांची झोपायची खोली तेवढी मुलांच्या पसाऱ्यापासून वाचवा, म्हणजे रात्री डोळ्यांसमोर एक तरी जागा नीटनेटकी राहील. जेवणात काय करायचं हा रोजचा विचार बंद करा. सात दिवसांचे सात बेत कागदावर लिहून टाका आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा. मुलं तक्रार करत नाहीत, उलट 'आज काय आहे' हे त्यांना आधीच कळतं.

दर अर्ध्या तासानं येणाऱ्या 'भूक लागली'वर माझ्याकडे येणाऱ्या आयांना सर्वात उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. सकाळी नाश्त्यानंतर दोन्ही मुलांच्या नावाचे दोन डबे भरायचे, दोघांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि मुलांच्या हाताला येतील अशा जागी ठेवायच्या. दोन जेवणांच्या मधलं सगळं खाणं त्यातूनच. केव्हा खायचं ते मुलांनी ठरवायचं. दहा वाजता डबा संपवला तर जेवणाची वाट पाहायची. पहिल्या दिवशी डबा दहालाच संपतो आणि रडारड होते. एवढ्यानं कुणी उपाशी राहत नाही, पुढचं जेवण दोन-तीन तासांवरच असतं. त्या दिवशी डबा पुन्हा भरू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी नऊ वर्षांचा मुलगा स्वतःहून अर्धा खाऊ संध्याकाळसाठी मागे ठेवायला लागतो. चार वर्षांच्या मुलीला हा हिशेब झेपणार नाही. तिचा डबा दोन वेळा अर्धा-अर्धा भरून द्या.

आता दुसऱ्याकडे जाणारी कामं. इथे नेमकं बिघडतं ते असं, की आपण कामाचा एक तुकडा देतो आणि जबाबदारी आपल्याकडेच ठेवतो. 'जरा तिला आंघोळ घाल ना' असं सांगितलं की टॉवेल कुठे, कपडे कोणते, साबण संपलाय, हे सगळे प्रश्न परत तुमच्याकडेच येतात. काम द्यायचं तर अख्खं द्या. उदाहरणार्थ, रोज रात्री साडेसात ते मुलं झोपेपर्यंतचा वेळ पूर्ण बाबांचा. हातपाय धुणं, रात्रीचे कपडे, दात घासून घेणं, गोष्ट, दिवा घालवणं तर आलंच. पण टूथपेस्ट संपत आली हे बघून नवी आणणं, आठवड्यातून एकदा नखं कापणं आणि रात्री अंथरूण ओलं झालं तर उठणं हेही त्यातच आलं. त्या वेळात तुम्ही शक्यतो नजरेआड असा. तुम्ही समोर दिसलात की मुलगी तुमच्याकडेच येणार आणि बाबा सुटकेचा श्वास टाकणार. पहिले काही दिवस झोपायला उशीर होईल, सदऱ्याची बटणं वरखाली लागतील. काही बोलू नका. तुम्ही दुरुस्त करायला गेलात की त्या क्षणी काम परत तुमच्याकडे आलं.

नवऱ्याशी हे बोलायचं कधी, हेही महत्त्वाचं. रात्री दोघं दमलेले असताना नको, आणि 'मी जास्त दमते की तू' इथून तर मुळीच नको. त्या वादात कुणीच जिंकत नाही. सकाळच्या निवांत वेळी, कागद समोर ठेवून बोला. एका साध्या दिवसात तुम्ही काय काय करता ते आधी दोन दिवस टिपून ठेवा, लक्षात ठेवण्याची कामंही त्यात घ्या. कागद वाचला की बहुतेक नवरे गप्प होतात, कारण त्यातलं निम्मं त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. मग सुट्टी सुरू होण्यापूर्वीचा एक अख्खा दिवस, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, घर आणि दोन्ही मुलं त्यांच्या ताब्यात द्या आणि तुम्ही घराबाहेर राहा. आदल्या रात्री स्वयंपाक करून ठेवू नका, सूचनांची चिठ्ठी लावू नका. औषध, ॲलर्जी असं जिवाशी संबंधित काही असेल तेवढंच सांगा. त्यांना अद्दल घडवायची म्हणून हे करायचं नाही. मुलांबरोबर एकट्यानं पूर्ण दिवस काढलेल्या बाबांचा पुढच्या नियोजनातला सहभाग फार वेगळा असतो. मुलांनाही कळतं की सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका आईकडेच नसतात.

मुलांनाही कामं द्या, पण 'मोठी झाल्यासारखी' कामं द्या. नऊ वर्षांच्या मुलाला मशीनमधले कपडे वाळत घालणं, ते वाळले की काढणं आणि ज्याच्या त्याच्या कपाटाशी नेऊन ठेवणं ही पूर्ण साखळी झेपते. चार वर्षांची मुलगी मोज्यांच्या जोड्या लावेल, जेवायच्या वेळी चमचे मांडेल. तिला एका वेळी एकच सूचना द्या. 'खेळणी उचल, हात धू आणि ये' यातली तीन कामं तिच्या डोक्यात एकत्र राहत नाहीत. मग ती तिथेच उभी राहते आणि आपल्याला वाटतं, ऐकत नाही.

दिवस कसा बसवायचा याबद्दल माझं मत ठाम आहे. तासातासाचं वेळापत्रक नको. तीनच वेळा पक्क्या धरा : सकाळी बाहेर पडणं, दुपारचा शांत तास आणि झोपण्याची वेळ. मधलं सगळं मोकळं.

यात सर्वात वजनदार सकाळ. नाश्ता झाला की घर आवरायला न थांबता मुलांना घेऊन बाहेर पडा. मोकळं मैदान, बाग, चालायला सुरक्षित रस्ता, काहीही चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी २०२० च्या सूचना दिवसाला सरासरी ६० मिनिटांच्या मध्यम ते जोरकस हालचालीची शिफारस करतात. सकाळी हा वाटा घातला की पुढचा दिवस निवळतो. जी मुलं अकरा वाजता एकमेकांच्या अंगावर धावून जातात, त्यातली बरीचशी सकाळपासून चार भिंतींत असतात. शिवाय सकाळचा उजेड मिळाला की रात्री झोप वेळेवर येते.

दुपारचा शांत तास हा तुमचा. मुलगी दुपारची झोपत नसली तरी हा तास ठेवता येतो, फक्त सवय लावावी लागते. दोन्ही मुलं वेगवेगळ्या जागी. प्रत्येकाजवळ एक पेटी, जी फक्त याच वेळी उघडते. तिच्या पेटीत चित्रांची पुस्तकं, चिकटवायचे कागद, मोठे ठोकळे. त्याच्या पेटीत कोडी, वाचायची पुस्तकं, जोडणीचं काहीतरी. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. टायमर तिच्या डोळ्यांसमोर ठेवा. तो वाजण्याआधी ती चार वेळा तुमच्याकडे येईल. प्रत्येक वेळी न रागावता, फार न बोलता तिला परत जागेवर सोडून या. दर दोन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवत गेलात की दोन आठवड्यांत पाऊण तासापर्यंत पोहोचाल. आणि हे कृपा करून ऐका : या तासात भांडी घासायची नाहीत, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत. पडून राहा, वाचा, मैत्रिणीला फोन करा, शिकायचं राहिलेलं काही शिका. वर सांगितलेल्या चार कारणांत 'आपला वेळ आपल्या हातात' हे जे आहे, ते तुमच्या दिवसात बहुतेक याच तासात मिळणार आहे. तो कामात घालवलात तर दुपारी चारनंतरची आई वेगळीच असते, हे मुलांनाही माहीत असतं.

झोपेच्या बाबतीत सुट्टी म्हणून तासाभराची सवलत द्या, त्याहून जास्त नको. अमेरिकेच्या झोपविषयक वैद्यकीय संस्थेनं २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. रात्री उशीर झाला तरी लहान मुलं सकाळी त्या प्रमाणात उशिरा उठतातच असं नाही, आणि कमी पडलेल्या झोपेचा हिशेब दुसऱ्या दिवशी आईलाच चुकवावा लागतो.

'कंटाळा आला' हे ऐकलं की आयांना अपराधी वाटतं, जणू करमणूक पुरवण्यात आपणच कमी पडलो. तसं काही नाही. मुलानं कंटाळा आला म्हटलं की उपाय सुचवू नका. 'बरं, काही सुचलं की मला सांग' एवढं म्हणा आणि आपलं काम चालू ठेवा. पहिली दहा मिनिटं कुरकुर होते. तुम्ही या मिनिटांत मोबाइल हातात दिला नाहीत तर त्यानंतर काहीतरी सुरू होतंच. घरात त्यासाठी लागणारा माल मात्र असू द्या : रिकामी खोकी, जुन्या चादरी, चिकटपट्टी, कपड्यांचे चिमटे, मोठे कागद. विकतची खेळणी निम्मी उचलून वर ठेवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहानग्यांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. दोन आठवड्यांनी वरची खेळणी खाली, खालची वर.

भांडणांचं म्हणाल तर नऊ आणि चार या वयांतच त्याचं मूळ आहे. त्याला नियम लावून, मांडणी करून खेळायचं असतं. तिला ती मांडणी हातात घेऊन पाहायची असते. ती त्रास द्यायला जात नाही, पण त्याची तासाभराची मेहनत पडते हेही खरं. त्याच्यासाठी तिचा हात पोहोचणार नाही अशी एक उंच जागा राखून द्या. निम्मी भांडणं तिथेच कमी होतील. उरलेल्यांत न्यायाधीश होऊ नका. हाणामारी असेल तर लगेच दोघांना वेगळं करा. नसेल तर जवळ जाऊन जे दिसतं ते सांगा, 'दोघांनाही तीच गाडी हवी आहे', आणि थांबा. 'सुरुवात कुणी केली' हे विचारलंत की खटला सुरू झाला. आणि रोज प्रत्येकाला पंधरा मिनिटं एकट्याची आई मिळू द्या, दुसरा आसपास नसताना. मुलगा बोलून दाखवणार नाही, पण लहान बहीण असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला याची फार गरज असते.

टीव्ही-मोबाइल पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास आहे, कमी असेल तर उत्तम. तो तास सकाळी वाया घालवू नका. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकात असता आणि मुलं दमून किरकिरी झालेली असतात, त्या वेळेसाठी राखून ठेवा. बंद करतानाच्या रडण्याबद्दल एक उपयोगी गोष्ट सांगते. 'आता दोनच मिनिटं हं' ही सूचना देऊन ठेवली की मुलं सहज बंद करतील असं आपल्याला वाटतं. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात उलट दिसलं. अशी सूचना दिली की लहान मुलं जास्त चिडली. कार्यक्रमाचा भाग संपला म्हणून, किंवा रोजच्या शिरस्त्यानं ती वेळ संपली म्हणून बंद झालं, तेव्हा मुलांनी ते जास्त शांतपणे घेतलं. म्हणून मिनिटं मोजण्यापेक्षा भाग मोजा. 'एक भाग' म्हणजे एकच. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. शेवटच्या मिनिटाला मुलीशेजारी जाऊन बसा, काय चाललंय ते विचारा, आणि बंद करायचं बटण तिलाच दाबू द्या.

आता प्रवास. नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीला जाणाऱ्यांचा आनंद जाण्याआधीच्या दिवसांत जास्त होता, पण परतल्यावर ते न गेलेल्यांइतकेच आनंदी होते. परतल्यावरही फरक टिकला तो फक्त 'फारच निवांत' सहल झाली असं सांगणाऱ्यांचा. तुम्ही परत आल्यावर जास्त दमता यात नवल काहीच नाही.

निवांतपणा आणायचा तर ठिकाणं कमी करा. आठवड्यात चार गावं पाहण्यापेक्षा एका जागी मुक्काम करा. सामान एकदाच सोडायचं, एकदाच बांधायचं, आणि लहान मुलांनाही रोज नवीन अंथरूण ओळखीचं करावं लागत नाही. दिवसाला एकच बाहेरचा कार्यक्रम, तोही सकाळचा. दुपारी खोलीवर परत. जेवणाची सोय ठरवताना तिथे स्वयंपाक तुम्हाला करावा लागणार नाही, एवढी एक अट घाला. हवं तर त्यासाठी मुक्काम दोन दिवसांनी कमी करा. आणि निघण्यापूर्वीच ठरवा की सकाळी मुलांबरोबर उठण्याची पाळी एक दिवस तुमची, एक दिवस त्यांची, आणि सहलीतला एक अर्धा दिवस तुम्ही एकट्या असणार. तिथे गेल्यावर बघू म्हटलं की ते होत नाही.

सामान भरणं हे मुलांचं काम करता येतं. मुलाला यादी द्या आणि यादीतली प्रत्येक गोष्ट आधी पलंगावर मांडायला सांगा, पिशवीत नाही. मुलीसाठी यादी चित्रांची : पाच सदऱ्यांची चित्रं, पाच चड्ड्यांची, एका बाहुलीचं. ती एकेका चित्रावर खूण करत वस्तू आणून ठेवेल. मग तुम्ही पलंगाशी उभं राहून एक नजर टाका, कमी काय ते सांगा, आणि भरायचं काम त्यांचं. यादी फाडू नका. पुढच्या सहलीला तीच वापरायची.

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात जास्त होतो. कान सांगतो हलतोय, डोळ्यांना मात्र समोरचं पान स्थिर दिसतं, आणि या गोंधळातून मळमळ सुरू होते. म्हणून चालत्या गाडीत पुस्तक किंवा मोबाइल देऊ नका. खिडकीतून लांबचं पाहायला लावा, गोष्टी ऐकवा, निघण्यापूर्वी पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, कारण ते प्रवास सुरू होण्यापूर्वी घ्यावं लागतं. औषधांच्या पिशवीत थर्मामीटर, मुलांच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध आणि ओआरएसची पाकिटं असू द्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच अख्खं पाकीट विरघळवा. घट्ट किंवा पातळ केलं तर प्रमाण बिघडतं आणि ते अपायकारक ठरू शकतं.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टींवर मी अडून बसते. पहिली पाण्याची. लहान मूल बुडताना बहुधा ओरडत नाही, हात हलवत नाही. काही इंच पाणीही पुरतं. तलाव, तरणतलाव, समुद्र, भरलेली बादली, कुठेही चार वर्षांची मुलगी हाताच्या अंतरावर हवी. दहा मोठी माणसं जमली असली तरी 'आत्ता लक्ष माझं आहे' असं एकानं तोंडानं म्हणायचं आणि जाताना दुसऱ्याच्या स्वाधीन करून जायचं. दुसरी, बंद गाडीत मुलाला एक मिनिटही सोडायचं नाही. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत जवळपास १० अंश सेल्सिअसनं चढू शकतं, आणि मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. तिसरी, दुसऱ्याच्या घरी मुक्काम असेल तर पोहोचल्याबरोबर पाच मिनिटं खोल्यांतून फिरून या. आजी-आजोबांच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्या, सफाईची रसायनं, गॅलरीला लागून ठेवलेली खुर्ची, रिमोट आणि घड्याळातल्या बटणासारख्या बॅटऱ्या. अशी बॅटरी गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.

परतीचा दिवस शाळा किंवा ऑफिस सुरू होण्याच्या आदल्या रात्री नको, किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. त्या दिवसाच्या जेवणाची सोय निघण्यापूर्वीच करून जा. पिशव्या रिकाम्या करणं आणि कपडे धुणं हे काम आधीच नवऱ्याच्या नावावर लिहून ठेवा. शाळेच्या आठवडाभर आधीपासून झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणत चला.

हे सगळं करूनही थकवा उतरत नसेल, पूर्ण झोप होऊनही सकाळी अंग जड वाटत असेल, तर रक्ततपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असणं आणि थायरॉईडचा त्रास ही बायकांमधल्या थकव्याची नेहमीची कारणं आहेत आणि दोन्हींवर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, मुलांवर हात उगारला जात असेल किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार येत असतील, तर सुट्टी संपायची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांशी बोला. घरातल्या एका माणसाला तरी त्याच दिवशी सांगा.

सुरुवात रात्रीच्या साडेसातच्या कामापासून करा, आणि सुट्टी लागण्यापूर्वीच्या आठवड्यातच करा. पहिले चार-पाच दिवस गोंधळाचे जातात, ते शाळेच्या दिवसांत निभावून नेणं सोपं पडतं. शांत तासाची दहा मिनिटंही त्याच आठवड्यात, मुलगी शाळेतून आल्यावर सुरू करता येतील.